उरलेल्यांची यादी

माझी जीभ तिखट आणि बोटं गोड, असं आमच्या घरात म्हणतात. समोरच्या माणसाशी मी एक धड शब्द बोलत नाही, पण मोबाइल हातात आला की असं काही लिहून जाते की वाचणाऱ्याचा ऊर भरून यावा. आईला याचं काडीचं कौतुक नाही. ती म्हणायची, "एवढंच गोड तोंडाने बोललीस तर तोंड झिजेल का तुझं?" तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही, कारण आईचं म्हणणं खरं होतं हे मला फार महागात कळलं.

आम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला एकसष्ट जण होतो. सकाळी सातला वॉर्डात हजर व्हायचं, दुपारनंतर वर्ग आणि उरलेला वेळ हॉस्टेलच्या खोलीत पाय वर करून पडायचं. माझ्या खोलीत माझी मामेबहीण होती. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, उंच, जाड काचांचा चष्मा लावणारी. मामा आजारी पडला तेव्हा तिने शिक्षण सोडून त्याचं सगळं अंथरुणात केलं, आणि तो गेल्यावर माझ्याच वर्गात येऊन बसली. घरात ती ताई, म्हणून माझ्यासाठीही ताईच. वर्गातल्या बाकीच्यांसाठी ती क्रमांक त्रेचाळीस. कोणी तिच्याशी वाईट वागायचं नाही. तिच्याकडे कोणाचं लक्षच जायचं नाही, एवढंच.

आणि ताई सावकाश होती. दुसरी कोणी दहा खाटांच्या चादरी बदलायची तेवढ्यात हिच्या चार व्हायच्या, पण त्या चारांचे कोपरे असे दुमडलेले असायचे की पेशंट रात्रभर लोळला तरी सुटू नयेत. वॉर्डच्या सिस्टरना कोपऱ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, "बाई गं, तू येईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल." सगळे हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसायचे.

आता आमच्या पेजबद्दल सांगते. त्याचं नाव होतं 'पाठीवर थाप'. आम्ही तिघं ते चालवायचो. एक मी. दुसरा रंगारी, म्हणजे आमच्या वर्गातला मुलगा, जो प्रत्येक मजकुरामागे असा काही रंग टाकायचा की साधं वाक्यही सुविचार वाटावं. आणि तिसरी अध्यक्ष. तिला कोणी अध्यक्ष नेमलं नव्हतं. ती जन्मतःच अध्यक्ष होती. कल्पना साधी होती. आम्ही एक फॉर्म ठेवला होता, त्यात कोणीही नाव न देता आमच्या वर्गातल्या कुणाबद्दल एक चांगली गोष्ट लिहायची. वर्गातले लिहायचे, पेशंटचे नातेवाईक लिहायचे, कारण वॉर्डाच्या दारावर आम्ही फॉर्मच्या लिंकचा कागद चिकटवला होता. त्या मजकुराचं सुंदर कार्ड करून, खाली त्या मुलीचं किंवा मुलाचं नाव आणि क्रमांक घालून, सोमवारी आणि गुरुवारी टाकायचं. वर्षभरात नऊ हजार लोक पेज बघायला लागले. दुसऱ्या कॉलेजांतून मेसेज यायचे की तुमच्यामुळे आमचा दिवस चांगला जातो. प्राचार्याबाईंनी प्रार्थनेनंतर आम्हाला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. खरंच सांगते, आम्हाला ते मनापासून वाटायचं. जगात कडूपणा काय कमी आहे, त्यात आपण थोडं गोड घालू, असं.

अडचण अशी झाली की थाप पडायची ती ठरलेल्या पाठींवरच. जी मुलगी हसरी तिला वीस कार्डं, जो मुलगा गिटार वाजवायचा त्याला पंधरा. काहींना एकही नाही. मग अध्यक्षांनी नियम काढला, "वर्ष संपायच्या आत वर्गातला एकही जण रिकाम्या हाताने राहता कामा नये." तिने ऑनलाइन वहीत एक तक्ता केला. क्रमांक, मिळालेली कार्डं, आणि ज्याला एकही नाही त्याचं घर लाल. महिन्याच्या शेवटी लाल घरांची वेगळी यादी निघायची. त्या पानाला तिने नाव दिलं होतं 'उरलेले'. त्या उरलेल्यांसाठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं गोड. कोणाच्या नावाने लिहायचं तेही त्या यादीत असायचं. 'एक वर्गमैत्रीण', 'एक पेशंट', 'एक डॉक्टर'. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. चांगुलपणाच तर वाटत होतो.

पहिल्या यादीत सात लाल घरं होती. त्यात त्रेचाळीस.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्या मुलीच्या खाटेपासून माझी खाट दोन हातांवर, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर लिहिलं नव्हतं, आणि मीही नाही. त्याच आठवड्यात ताईने बॅग काढली होती. सिस्टरनी तिला पुन्हा झापलं होतं आणि ती मला म्हणाली होती, "मला नाही जमत गं हे. घरी जाते. आईला शिलाईत मदत करीन." मी काय म्हणाले असेन? "जा की मग. रोज रोज रडगाणं ऐकण्यापेक्षा बरं." हे माझं तोंड.

आणि नंतर जिन्यात बसून माझ्या बोटांनी लिहिलं: 'पुरुष विभागातल्या त्या शांत सिस्टर नाडी बघायच्या आधी तळहात चोळून गरम करतात. माझ्या वडिलांना पंधरा दिवसांत उबदार हात मिळाला तो तेवढाच.' खाली 'एका पेशंटचा मुलगा'. रंगाऱ्याने मागे केशरी उजेड टाकला.

ताई हात चोळते की नाही हे मी कधी बघितलं नव्हतं. मी त्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डात होते. थंडीचे दिवस होते, प्रत्येक पेशंटनंतर गार पाण्याने हात धुवायचे, त्यामुळे सगळ्यांचेच हात बर्फासारखे असायचे. त्यावरून मला सुचलं, बस.

गुरुवारी कार्ड गेलं. ताई खाटेवर बसून ते बघत राहिली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मला दाखवलं. मी म्हटलं, "बरं आहे." तिने बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात लावले, एकेक घडी सरळ करून. मला इतका आनंद झाला की मी तिच्याकडे पाठ करून पडले, नाहीतर माझं तोंड बघून तिला कळलं असतं.

त्यानंतर ती खरोखर हात चोळायला लागली. मी पुढच्या महिन्यात तिच्याच विभागात आले तेव्हा बघितलं. हात धुवायचे, पुसायचे, मग मनात वीस मोजेपर्यंत तळहात एकमेकांवर घासायचे, एक बोट पेशंटच्या मनगटाला हळूच लावून बघायचं आणि मग नाडी धरायची. एका पेशंटमागे वीस आकडे, म्हणजे तीस पेशंटमागे सहाशे. ती आणखीनच सावकाश झाली. सिस्टर आणखीनच चिडायच्या. पण आता ताई मान खाली घालायची नाही. "हो सिस्टर," म्हणायची आणि पुढच्या खाटेपाशी उभी राहून पुन्हा हात चोळायची.

मामीने ते कार्ड छापून आणलं आणि शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं. माप द्यायला येणारी प्रत्येक बाई ते वाचायची. मामी मला फोनवर म्हणाली, "अगं, त्या पेशंटच्या मुलाचं नाव काय? देव त्याचं भलं करो. त्याने लिहिलं नसतं तर माझी पोर शिक्षण सोडून परत आली असती बघ." मी म्हटलं, "मामी, नाव नसतं त्यात."

वर्षभरात ताईसाठी मी आणखी तीन कार्डं लिहिली. बाहेरून तिच्यासाठी एकही आलं नाही. बाकीची सहा लाल घरं भरत गेली, तिचं माझ्यावरच राहिलं. एक वर्गमैत्रीण, एक डॉक्टर, एक आजी. दर वेळी लिहिताना मला वाटायचं, आत्ता उठावं, दोन हात अंतरावर ती बसली आहे, तिला सांगावं. पण तोंडातून निघायचं ते हेच, "दिवा बंद कर गं, डोळ्यांवर येतो."

वर्ष संपताना पेज पुढच्या वर्गाकडे द्यायचं ठरलं. एकसष्टपैकी एकसष्ट घरं हिरवी झाली होती, एकही लाल नाही. अध्यक्षांना त्याचा केवढा अभिमान. हा तक्ता सगळ्या वर्गाने बघायलाच हवा, म्हणून तिने दुपारच्या जेवणाच्या वेळी वर्गाच्या ग्रुपवर तो पाठवला आणि वर लिहिलं, 'एकही जण उरला नाही!' तिला वाटलं फक्त हिरवं पान जाईल. पण वही दिली की सगळी पानं जातात. खाली छोट्या अक्षरात दुसऱ्या पानाचं नाव होतं. उरलेले. त्यावर क्रमांक, तारीख, कोणाच्या नावाने लिहायचं, मजकूर, आणि शेवटच्या रकान्यात लिहिणारीचं नाव. सगळीकडे माझंच.

अशी चूक आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. दुसऱ्या कुणाला असला तक्ता करायचं सुचलंच नसतं, आणि सुचलं असतं तर त्यांनी तो लपवला असता. आम्ही मिरवला.

मेसमध्ये एकेक जण मोबाइलवर वाकला. मग दोन टेबलांवर कोणीतरी हसलं. एका मुलाने आपल्या कार्डाची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "म्हणजे हे कोणी म्हटलंच नव्हतं?" तो हसण्यावारी नेत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. अध्यक्षांनी घाईघाईने ते पान काढून टाकलं. तोपर्यंत साठ मोबाइलमध्ये त्याचे फोटो होते. मी ताईला शोधलं. तिचं ताट भरलेलं होतं आणि खुर्ची रिकामी.

ती खोलीत होती. खाटेची चादर काढून ती पुन्हा घालत होती, वॉर्डातल्यासारखी, कोपरे दुमडून. मी दारात उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते हात चोळायचं. तू बघितलं होतंस का कधी?"

त्या क्षणी खोटं बोलले असते तर? हो म्हटलं असतं तर? अजून मला याचं उत्तर सापडलेलं नाही. मी म्हटलं, "नाही."

"मग कुठून आणलंस?"

"सुचलं."

तिने कोपरा सोडला आणि पुन्हा दुमडला. "मी आठवून आठवून थकले होते गं. कुणाच्या वेळी चोळले होते हात? मला आठवेचना. मग वाटलं, नकळत चोळले असतील. आणि एवढं कुणी लिहिलंय तर ते खोटं ठरायला नको, म्हणून चोळत राहिले."

"ताई, पण मग ते खरंच झालं ना. तू खरंच..."

"नऊ नंबर खाटेवरच्या काकांचा मुलगा," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यानेच लिहिलं. काका गेले त्या दिवशी तो सामान न्यायला आला होता. मी त्याला थांबवून म्हटलं, तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहिलंत, मी कधी विसरणार नाही. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. वडील गेलेत आणि ही बाई काय बोलतेय. मला वाटलं, लाजला."

मी दारातून आत येऊन माझ्या खाटेवर बसले.

"चार कार्डं," ती म्हणाली. "चार वेगवेगळी माणसं होती माझी. वर्षभर मी वॉर्डात जाताना मोजायचे. आता कळलं की चारही तूच." मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता. "एक तुझ्या नावाने लिहिलं असतंस ना, तर तेवढं एक पुरलं असतं मला."

मी रडले. ती रडली नाही. तिने चादर पुरी केली आणि वर्गाला गेली.

मामीला तिने काही सांगितलं नाही. कार्ड अजून मशीनच्या वर आहे.

अध्यक्षांनी पेजवर माफी टाकली, फिकट निळ्या रंगावर पांढरी फुलं. तिला आठशे लोकांनी हृदय दिलं. मी तिला म्हटलं, "ही काढ, नाहीतर मी तुझा मोबाइल टाकीत बुडवीन." ती रडकुंडीला आली. तिचंही वाईट नव्हतं, तिला एवढंच येत होतं. पेज बंद केलं, पण फॉर्म बंद करायचा राहून गेला. वॉर्डाच्या दारावरचा कागदही तसाच होता.

आठ दिवसांनी त्या फॉर्मवर एक मजकूर आला. मी वर्गात शेवटच्या बाकावर होते. मोबाइल बाकाखाली धरून वाचला.

'तेवीस नंबर खाटेवर माझी आई होती. तिथल्या उंच, चष्म्याच्या सिस्टर फार हळू काम करतात. दोनदा आईचं औषध उशिरा झालं, मी तक्रारही केली होती. पण त्या अंगाला हात लावायच्या आधी हात चोळून घ्यायच्या. आईला गार हात लागला की ती दचकते, आम्हाला हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आता घरी ती आम्हाला ओरडते, आधी हात गरम करा म्हणून. त्यांना सांगा.'

मी तास सोडून पळत स्त्री विभागात गेले. तेवीस नंबरवर दुसरीच बाई होती. मी नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाला म्हटलं, आधीच्या पेशंटच्या मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर द्या. तो म्हणाला, "पेशंटची माहिती शिकणाऱ्यांना देता येत नाही." मी हात जोडले. तो म्हणाला, "हात जोडून नियम बदलतो का?" बरोबरच होतं त्याचं. फॉर्मवर नाव नव्हतं. नाव विचारायचं नाही हाही आमचाच नियम, पेजवर वर लिहिलेला, रंगाऱ्याने त्याला सोनेरी कड दिलेली.

ताई खोलीत गणवेशाला इस्त्री करत होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. म्हटलं, "हे मी लिहिलेलं नाही. आईशपथ. माझ्या डोक्यावर हात ठेव."

तिने वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं, आणि मला वाटलं, झालं, सुटले. मग तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"सुधारलीस तू," ती म्हणाली. "या वेळी तक्रारही घातलीस. त्याने खरं वाटतं."

"ताई, तेवीस नंबर खरंच होती ना? औषध उशिरा झालं होतं ना?"

"झालं होतं. मीच तुला सांगितलं होतं, इथेच बसून."

सांगितलं होतं. त्या दिवशी मी म्हटलं होतं, 'उशीर करायला तुला वेगळं शिकवावं लागत नाही.' मला ते शब्द न् शब्द आठवले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि हिला तर मी चार वेळा पोळवलं होतं. मी शपथा घेतल्या, फॉर्मवरची वेळ दाखवली, त्या वेळी मी वर्गात होते म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "वर्गातून तू काय काय लिहितेस ते आता सगळ्यांना माहीत आहे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने गणवेश हँगरला लावला.

मला भीती होती की ती बॅग काढेल. रोज वर्गातून आले की आधी कपाट बघायचे. बॅग काढली नाही. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातही मी मूर्ख ठरले.

काल सकाळी आमची दोघींची ड्युटी स्त्री विभागात एकत्र होती. थंडी परत आली आहे. मी ट्रॉली घेऊन एका बाजूने येत होते, ताई दुसऱ्या बाजूने नाड्या बघत होती. साडेआठ वाजायच्या आत तिच्या चौदा खाटा झाल्या. सिस्टर घड्याळ बघून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवर खरोखरची थाप मारली. "आता हात बसला तुझा. अशीच राहा." सगळ्यांनी ऐकलं. नाव असलेल्या माणसाने, तोंडाने, समोर उभं राहून केलेलं ते पहिलं कौतुक.

"हो सिस्टर," ताई म्हणाली.

ती पंधराव्या खाटेशी आली. नळाखाली हात धुतले, पुसले आणि तसेच नेऊन आजींच्या मनगटावर ठेवले. आजींनी हात झटकन मागे घेतला. "केवढे गार हात गं बाई."

"एकच मिनिट, आजी," ताई म्हणाली आणि तो हात पुन्हा धरला.

मी ट्रॉली सोडली. तिच्याजवळ गेले. मला मोबाइलवर लिहिता आलं असतं, फार सुंदर लिहिता आलं असतं. मी तोंडाने म्हटलं, आणि ते अडखळत, चुकतमाकत आलं, "ताई, तू हात चोळायचीस ते... ते फार चांगलं होतं. हे मी बघितलंय. माझ्या डोळ्यांनी, महिनाभर. मी म्हणतेय, मी."

आजी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. ताईची नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती. मिनिट संपलं तेव्हा तिने आजींचा हात पांघरुणात ठेवला.

"बरं," ती मला म्हणाली. आजींच्या तक्त्यावर नाडीचे शहात्तर ठोके लिहिले आणि सोळाव्या खाटेकडे गेली.